लेखनाची पदवी : आयोवा, अमरावती, दारव्हा

सर्जनशील लेखनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात विद्यार्थी शेवटी प्रबंध लिहीत नाही. स्वतःचे हस्तलिखित सादर करतो. ते कवितासंग्रहाचे असेल, कादंबरीचे असेल, कथांचे किंवा नाटकाचे असेल. दोन-तीन वर्षे तो दर आठवड्याला दहा-बारा सहाध्यायांसमोर आपला मजकूर ठेवतो, त्यावर चर्चा होते, एक प्रस्थापित लेखक ती चर्चा चालवतो आणि विद्यार्थी मजकूर पुन्हा लिहितो. साहित्याच्या एम.ए.मध्ये दुसऱ्याने लिहिलेले कसे वाचावे ते शिकवतात. इथे आपलेच लिहिलेले परक्याच्या नजरेने वाचायला शिकवतात. मराठीत पहिल्या प्रकारचे शिक्षण शंभर वर्षांपासून आहे. दुसऱ्या प्रकारचे शिक्षण मराठी लेखकांनाही मिळाले, पण विद्यापीठाच्या आवारात क्वचितच मिळाले. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावातून या पदवीकडे पाहताना हा फरक मनात ठेवावा लागतो.

ही कल्पना अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातली, मक्याच्या शेतांनी वेढलेल्या आयोवा राज्यातली आहे. आयोवा विद्यापीठाने १९२२ साली ठरवले की पदव्युत्तर पदवीसाठी सर्जनशील कृतीही प्रबंध म्हणून चालेल. १९३६ साली तिथे रायटर्स वर्कशॉप सुरू झाले. त्याला नाव मिळवून दिले ते पॉल एंगल या कवीने. त्याचा स्वतःचा पहिला कवितासंग्रहही तिथल्या पदवीसाठीच लिहिलेला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी खर्चाने शिकायला आलेल्या माजी सैनिकांनी अमेरिकी विद्यापीठे भरली आणि लेखनाचे वर्गही भरले. पुढे असे अभ्यासक्रम शेकड्यांनी निघाले. ते वाढण्यामागे वाङ्मयप्रेम होते तसा रोजगारही होता. पुस्तकांवर पोट न भरणाऱ्या लेखकाला विद्यापीठात नोकरी मिळू लागली आणि ती नोकरी करण्यासाठी हीच पदवी लागू लागली. मार्क मॅकगर्ल या अभ्यासकाने २००९ साली ‘द प्रोग्रॅम एरा’ या ग्रंथात युद्धोत्तर अमेरिकी कादंबरीचा इतिहास या वर्गांचा इतिहास म्हणूनच मांडला. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठात माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन या कादंबरीकारांनी १९७० साली असा अभ्यासक्रम सुरू केला. कादंबरीकार इयन मॅक्यूअन हा तिथला पहिला विद्यार्थी.

वर्कशॉपचा एक नियम प्रसिद्ध आहे. ज्याच्या मजकुरावर चर्चा चालू असते, त्याने गप्प बसायचे. पुस्तक छापल्यावर लेखक प्रत्येक वाचकाशेजारी बसून खुलासे करू शकत नाही, तेव्हा आताच सवय करावी, असा त्यामागचा विचार. नियम शहाणपणाचा आहे, पण त्याने एक अडचणही निर्माण केली. टेबलाभोवतीचे सगळे एका वर्गातले, एका बोलीचे असतील आणि लेखक एकटा वेगळा असेल, तर त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ बदलतो. जुनो दियाझ या डॉमिनिकन वंशाच्या कादंबरीकाराने २०१४ साली ‘न्यू यॉर्कर’च्या वाचकांसमोर ही तक्रार स्पष्टपणे ठेवली. वऱ्हाडी बोलीत लिहिणाऱ्याला ही तक्रार नव्याने समजावून सांगावी लागणार नाही.

भारतात ही पदवी उशिरा आली आणि आली ती मुख्यतः इंग्रजीतून. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने सर्जनशील लेखनाची पदविका काढली, ती इंग्रजी आणि हिंदीत. दिल्लीच्या डॉ. बी. आर. आंबेडकर विद्यापीठात साहित्यकलेचा, म्हणजे सर्जनशील लेखनाचा, एम.ए. सुरू झाला. सोनीपतच्या अशोका विद्यापीठात लेखनाचे वर्ग आहेत. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट पटकथालेखन शिकवते; त्याला व्यवसायाची थेट जोड आहे आणि गावाकडचा मुलगा पुण्याला जाऊन टिकला तर त्याला त्यातून काम मिळण्याची शक्यताही आहे. मराठीतून लिहू पाहणाऱ्याच्या वाट्याला मात्र नेहमीचाच रस्ता येतो : बी.ए. मराठी, एम.ए. मराठी, मग नेट किंवा सेट, मग पीएच.डी. आणि मग प्राध्यापकाच्या जागेची वाट पाहणे.

दारव्ह्यात या रस्त्याचा पहिला टप्पा घराजवळ आहे. गावात मुंगसाजी महाराज महाविद्यालय आहे. तालुक्यातल्या धामणगाव देव येथील संत मुंगसाजींचे नाव त्याला दिलेले आहे. ते संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाला संलग्न आहे. नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन हे विद्यापीठ १ मे १९८३ रोजी स्थापन झाले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम हे आजचे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत आले. त्याआधी यवतमाळ जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याचे विद्यापीठ नागपूर होते. पुढच्या शिक्षणासाठी चाळीसेक किलोमीटरवरचे यवतमाळ किंवा नेरवरून अमरावती. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी शकुंतला ही छोटी गाडी बंद पडली, तेव्हा आता एसटी किंवा दुचाकी. शेतीच्या हंगामात हजेरी कमी, परीक्षेच्या हंगामात झेरॉक्सच्या दुकानात गर्दी, हे चित्र दारव्ह्यापुरते नाही. घर सोडणे न जमणाऱ्याला नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा दूरशिक्षणाचा पर्याय उरतो.

एम.ए. मराठीत लेखन अजिबात शिकवत नाहीत असे नाही. अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत ‘सर्जनशील लेखन’ किंवा ‘उपयोजित लेखन’ या नावाची पत्रिका असते. तिचा खरा शत्रू तिची परीक्षा. कथेचे घटक सांगा, कवितेच्या प्रतिमेवर टीप लिहा, जाहिरातलेखनाची वैशिष्ट्ये द्या, अशा प्रश्नांची उत्तरे गाइडमधून पाठ होतात. एकही कथा न लिहिता कथालेखनाच्या पत्रिकेत पहिला वर्ग मिळू शकतो. पोहण्याची लेखी परीक्षा घेण्याइतकीच ही पद्धत उपयोगाची आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांची जी चौकट आली, तिच्यात थोडी जागा आहे. दोन वर्षांना ८८ क्रेडिट. पहिल्या वर्षी संशोधनपद्धतीचे ४ आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे ४. दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्पाचे ४ आणि ६, असे मिळून १०. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला ४४ क्रेडिटवर पदव्युत्तर पदविका मिळते. प्रत्यक्ष कामाचा अनुभव मराठीच्या विद्यार्थ्याने कुठे घ्यायचा, हा प्रश्न विभागांना सुरुवातीला चमत्कारिक वाटला असेल तर नवल नाही. पण दैनिकाचे जिल्हा कार्यालय, यवतमाळचे आकाशवाणी केंद्र, छापखाना, मुद्रितशोधन, ग्रंथालय ही सगळी लेखकाच्या कामाचीच ठिकाणे आहेत. आणि १० क्रेडिटच्या प्रकल्पात ‘ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रण’ या विषयाच्या हजाराव्या आवृत्तीऐवजी टीका-टिपणांसह स्वतःचा कथासंग्रह स्वीकारता येईल का, हे अभ्यास मंडळाने ठरवायचे आहे. १९२२ साली आयोवाने ठरवले ते नेमके एवढेच होते.

वऱ्हाडातल्या लेखकांना आपले लिहिलेले दुरुस्त करून कोण देत आले, याचा शोध घेतला तर बरेच हाती लागते. सर्वांत जुने उदाहरण अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी गोळा करून त्यांचा अनुयायी म्हाइंभट याने १२७८च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. प्रत्येक लीळा जिथे घडली तिथे कोण हजर होते, ते आता कुठे राहतात, हे काढून तो त्यांच्यापर्यंत गेला. त्यांच्याकडून ऐकले, टिपले आणि पंथाचे प्रमुख नागदेवाचार्य यांच्याकडून तपासून घेतले. परंपरेनुसार मूळ पोथी पुढे परचक्रात नाहीशी झाली आणि अनुयायांनी आठवणीतून पाठ पुन्हा उभे केले, म्हणून तिचे वेगवेगळे पाठ आज मिळतात. मजकूर एकट्याचा नसतो, तो जाणत्यांपुढे वाचून पक्का करायचा असतो, ही रीत मराठी गद्याच्या आरंभीच दिसते. नागपूर विद्यापीठाचे वि. भि. कोलते यांनी आयुष्यभर याच पाठांवर काम केले. त्यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ साली प्रसिद्ध केले.

दुसरी शाळा टपालाने चालली. अमरावतीचे सुरेश भट बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला दोनदा नापास झाले आणि १९५५ साली पदवीधर झाले. याच माणसाने मराठी गझलेचे पाठ्यपुस्तक लिहिले. ‘गझलेची बाराखडी’ ही छोटी पुस्तिका. मतला, काफिया, रदीफ, अलामत, वृत्त यांचे नियम उदाहरणांसह सांगणारी. नव्या कवींना ते ती टपालाने पाठवत आणि आलेल्या रचना तपासून देत. उर्दूत उस्तादाने शागिर्दाचा शेर दुरुस्त करण्याला इस्लाह म्हणतात. ती परंपरा भटांनी पोस्टाच्या पाकिटात घालून महाराष्ट्रभर फिरवली. विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात तालुक्याच्या गावी राहून वृत्तात बिनचूक लिहिणारे गझलकार मोठ्या संख्येने आहेत. या पत्रशाळेशिवाय ते झाले असते असे म्हणणे अवघड आहे. गझलेत चूक बोट ठेवून दाखवता येते, मुक्तछंदात ती दाखवणे फार कठीण. पत्रातून शिकवणे गझलेला का साधले त्याचे हेही एक कारण.

यवतमाळात भटांच्या आधीपासून भाऊसाहेब पाटणकर होते. पेशाने वकील, छंदाने शिकारी आणि मराठी शायरीचे उस्ताद. त्यांचे लेखन मैफलीत वाचले जाई. समोरच्याने दाद दिली नाही तर शेर पडला, हा हिशेब तिथल्या तिथे चुकता होई. दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरब येथे १९४७ साली जन्मलेल्या शंकर बडे यांची शाळाही हीच, फक्त त्यांचा फड मोठा होता. ‘इर्वा’, ‘सगुन’, ‘मुगुट’ हे त्यांचे वऱ्हाडी कवितांचे संग्रह; ‘बॅरिस्टर गुलब्या’ हा त्यांचा एकपात्री प्रयोग गावोगाव झाला. २०१६ साली त्यांचे निधन झाले. कविसंमेलनात शेतकरी, मास्तर, तलाठी, बाया-पोरे समोर बसलेली असताना कोणती ओळ हशा घेते आणि कोणती त्यानंतरची शांतता, हे कवीला दर रात्री कळते. दुसऱ्या रात्री तो ओळ बदलतो. आयोवातल्या टेबलाभोवती बारा जण असतात. बोरी अरबच्या कवीसमोर शेकडो असत आणि त्यांपैकी कोणी सौजन्य म्हणून गप्प बसत नसे. या शाळेचा दोषही सांगायला हवा. टाळीच्या मागे लागलेली कविता हळूहळू चुटका होते, आणि मंचावर गाजलेले कागदावर विरते. बड्यांसारखे काही जण त्यातून सुटले, पुष्कळसे सुटले नाहीत.

महेश एलकुंचवार यांचा जन्म १९३९ साली याच जिल्ह्यातल्या पारवा या गावचा. त्यांनी नागपूरला इंग्रजीत एम.ए. केले आणि इंग्रजीच शिकवले. पण नाटककार होण्याचे कारण ती पदवी नव्हे. दिग्दर्शिका विजया मेहतांनी बसवलेले विजय तेंडुलकरांचे ‘मी जिंकलो, मी हरलो’ त्यांनी नागपुरात पाहिले आणि ते नाटकाकडे वळले. पुढे विजयाबाईंनीच त्यांची नाटके बसवली. दिग्दर्शक हा नाटककाराचा सर्वांत निष्ठुर वाचक असतो, कारण त्याला वाक्य नटाच्या तोंडी द्यायचे असते. हे ओळखून पुण्याच्या थिएटर अकादमीने १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने नाटककार घडवण्याची योजना राबवली. नाटककार सतीश आळेकर तिच्या आयोजकांपैकी एक होते. मराठीत लेखन शिकवण्याचा विचारपूर्वक, पैशांचे पाठबळ असलेला आणि दीर्घकाळ चाललेला प्रयत्न शोधायचा तर तो विद्यापीठाच्या मराठी विभागापेक्षा रंगभूमीवर सापडतो.

कादंबरी आणि कवितेसाठी हे काम साठच्या दशकापासून लघुअनियतकालिकांनी केले. कादंबरीकार भालचंद्र नेमाडे यांनी ‘वाचा’ हे असेच अनियतकालिक चालवले. संपादकाने परत पाठवलेली कविता आणि सोबतची चार ओळींची चिठ्ठी यांनी जेवढे कवी सुधारले असतील तेवढे कुठल्याही अभ्यासक्रमाने सुधारले नाहीत. ती चिठ्ठी लिहिणारे संपादक कमी झाले, ही आजच्या नवलेखकाची खरी अडचण आहे. समाजमाध्यमावर टाकलेल्या कवितेला पाच मिनिटांत अंगठे मिळतात, दुरुस्ती मिळत नाही.

विद्यापीठ आणि लेखन या दोन्ही बाजू आतून पाहिलेला मराठी लेखक म्हणजे विलास सारंग. अमेरिकेत ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. केली, इराकमध्ये बसऱ्याला आणि नंतर कुवेतला शिकवले, मुंबई विद्यापीठात इंग्रजी विभागाचे प्रमुखही होते. ‘सर्जनशोध आणि लिहिता लेखक’ हे त्यांचे पुस्तक लिहिणाऱ्याला लिहिणाऱ्याने सांगितलेल्या गोष्टींचे आहे. लेखन उपजत असते, शिकवता येत नाही, हा मराठीतला लाडका समज त्यांनी मानला नाही. गाण्याला गुरू लागतो, चित्राला स्कूल ऑफ आर्ट लागते, मग कथेलाच काही लागत नाही असे का? ‘प्रतिभा’ म्हणून हात झटकले की शिकवणाऱ्याची जबाबदारी संपते, हे त्यामागचे सोयीचे कारण असावे.

आयोवाशी मराठीचा थेट संबंध आला तो मात्र पदवीतून नव्हे. पॉल एंगल आणि ह्वालिंग निए यांनी १९६७ साली तिथे इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम सुरू केला. जगभरच्या लेखकांनी काही महिने येऊन राहावे, लिहावे, एकमेकांना वाचावे, अशी ती योजना. पदवी नाही, परीक्षा नाही. कवी दिलीप चित्रे १९७५ साली तिथे गेले. कोणत्याही भाषेत लिहिणाऱ्या लेखकाला हे दार उघडे असते, फक्त काही प्रकाशित लेखन आधी नावावर असावे लागते. पदवीच हवी असेल आणि लेखन मराठीत असेल, तर आयोवासारख्या ठिकाणी साहित्यिक अनुवादाची पदवी हा जवळचा मार्ग. अमेरिकी लेखनपदवीच्या चांगल्या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याला शिकवण्याच्या बदल्यात फी माफी आणि विद्यावेतन मिळते, त्यामुळे पैशाची अट वाटते तितकी मोठी नाही. अट इंग्रजीची आहे. अर्जासोबत वीस-तीस पानांचा लेखननमुना जातो आणि निवड जवळजवळ त्यावरच होते.

भाषेचा प्रश्न इथे, घराजवळही आहे. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली आली आणि वऱ्हाडी बोलीत गंभीर, दुःखाने भरलेली कादंबरी लिहिता येते हे सिद्ध झाले. त्याआधी बोली बहुधा विनोदापुरती येई. आज ‘धग’ एम.ए.ला नेमली जाते. पण त्या कादंबरीवरचे उत्तर विद्यार्थ्याने वऱ्हाडीत लिहिले तर गुण कापले जातील. अभ्यासविषय म्हणून बोलीला मान आणि माध्यम म्हणून तिला मज्जाव, असा हा प्रकार. दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यातल्या तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते, जिल्ह्यात कोलामी आणि गोंडीही आहेत. त्या घरांतल्या मुलांसाठी वऱ्हाडीच दुसरी भाषा आणि पुस्तकी मराठी तिसरी. लेखनाचा वर्ग भरवायचा झाला तर त्यात या तिन्ही भाषांचा मजकूर वाचू शकणारा शिक्षक लागेल, आणि मजकुराला शब्दार्थांची यादी जोडायला न सांगण्याइतका संयमही.

यवतमाळात १९७३ साली ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले होते. २०१९ साली अरुणा ढेरे अध्यक्ष असताना ते पुन्हा यवतमाळला आले. इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटक म्हणून दिलेले निमंत्रण मागे घेतल्याने झालेला वाद सर्वांना आठवतो. त्यांच्या जागी उद्घाटन केले वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने. त्या व्यासपीठावरून बोललेल्यांत सर्वांत कमी पदव्या त्यांच्याकडे असतील आणि बातम्यांत सर्वाधिक राहिले ते त्यांचेच भाषण. यातून पदवी निरुपयोगी ठरत नाही. कापसाच्या या जिल्ह्यावर बाहेरून येऊन लिहिणारे पुष्कळ झाले. आतून लिहिणाऱ्यांना मजकूर घडवण्याचे साधन मिळाले नाही, एवढे मात्र दिसते.

पोटाचा हिशेब सोपा नाही. लेखनाच्या पदवीने भारतात नोकरी मिळत नाही. एम.ए. मराठीला निदान नेट आणि सेटचा दरवाजा आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट पुणे विद्यापीठ घेते. पीएच.डी.साठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत आणि तालुक्याच्या गावातून आलेली अनेक मुले-मुली त्यांच्या आधारावर पाच वर्षे वाचू शकली. ही पाच वर्षे हीच खरी मिळकत. पहिले पुस्तक काढण्यासाठी साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. पस्तिशीच्या आतल्यांसाठी साहित्य अकादमी २०११ पासून युवा पुरस्कार देते. विदर्भ साहित्य संघ, १९२३ साली अमरावतीत स्थापन झालेला, ‘युगवाणी’ चालवतो. लिहिणाऱ्याने एम.ए. करावे की नाही, याचे व्यावहारिक उत्तर असे की करावे, पण ते वाचनासाठी आणि फावल्या वर्षांसाठी. लेखनाच्या दुरुस्तीची सोय त्याने वेगळी लावून घ्यावी. चार-पाच जणांनी महिन्यातून एकदा बसून एकमेकांचे हस्तलिखित वाचण्यास कोणत्याही विद्यापीठाची मान्यता लागत नाही.

मराठी भाषा विद्यापीठ आता रिद्धपूरला उभे राहत आहे. त्यासाठीचा कायदा २०२३ सालचा, पहिले कुलगुरू अविनाश आवलगावकर २०२४ साली नेमले गेले आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. दारव्ह्याहून हे विद्यापीठ अमरावतीच्या पलीकडे, मोर्शीच्या वाटेवर. मराठीतून लेखनाची पूर्ण पदवी कुणी काढायचीच झाली तर या जागेचा हक्क पहिला. त्यासाठी इमारतीपेक्षा चार गोष्टी ठरवाव्या लागतील. प्रवेश गुणपत्रिकेवर द्यायचा की लेखननमुन्यावर. नमुन्यावर द्यायचा तर आरक्षणाच्या नियमांत तो कसा बसवायचा. शिकवायला नेट न झालेला कवी किंवा नाटककार चालेल का. नव्या धोरणात व्यवसायातून आलेल्या अध्यापकांसाठी ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही सोय विद्यापीठ अनुदान आयोगाने केलेली आहे. आणि हस्तलिखिताला गुण कोण देणार. ते काम बाहेरचा एक लेखक आणि आतला एक शिक्षक यांच्यावर सोपवता येईल; अंतिम हस्तलिखितासोबत आधीचे खर्डेही मागितले जाऊ लागले तर विद्यार्थ्याने काय खोडले तेही परीक्षकाला दिसते. संगणकाने कविता लिहून देण्याच्या दिवसांत खर्ड्यांची ती चळत परीक्षकाच्या सर्वांत कामाची ठरेल.